तुमचे मूळ गाव कोणते?

(परळ येथील व्याख्यानाचा सारांश)



परळ-लालबागच्या चाळीत नवे बिऱ्हाड आले की पहिला प्रश्न ठरलेला असे, "गाव कुठले?" कोणी रत्नागिरी सांगे, कोणी सातारा, कोणी महाड. आजोबा गिरणीत बदलीवर लागले, मग आजी आली, एवढे आपणांस ठाऊक असते. त्या गावात तरी आपले पूर्वज कोठून आले, हे मात्र कोणी विचारत नाही. आज आम्हाला तेच विचारावयाचे आहे.

विज्ञानाचे उत्तर आहे, आफ्रिका. मोरोक्को देशातील जेबेल इरहूद येथे सापडलेले आपल्या जातीच्या मानवाचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत, असे २०१७ साली जाहीर झाले. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या बहुतेक सर्व माणसांचे पूर्वज साधारण ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी तेथून निघाले. अरबस्तानातून ते भारतात आले आणि पुढे ऑस्ट्रेलियात किमान ५० हजार वर्षांपूर्वी पोहोचले. अमेरिकेत किमान १५ हजार वर्षांपूर्वी, तर न्यूझीलंडमध्ये अवघ्या सात-आठशे वर्षांपूर्वी माणूस गेला. एवढे अंतर पायी कसे तोडले, असे वाटते. पण हिशेब सोपा आहे. एका पिढीने दहाच मैल पुढे सरकावे. चारशे पिढ्यांत चार हजार मैल होतात, आणि चारशे पिढ्या म्हणजे सुमारे दहा हजार वर्षे. त्यांना आपण कोठे निघालो आहोत हेही माहीत नव्हते. शिकार आणि पाणी जिकडे, तिकडे ते गेले.

आपल्या मुंबईचाही या कथेत वाटा आहे. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला कांदिवली येथे अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. त्यावरचा त्यांचा लेख १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्याच कांदिवलीच्या टेकडीचा दगड-मुरूम आगगाडीने आणून बॅक बेचा समुद्र बुजविण्यात आला. म्हणजे गिरगाव चौपाटीहून मरीन ड्राईव्हने चालत जाताना आपण कदाचित त्या आदिमानवाची जमीनच तुडवीत असतो! जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले कवच मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या काळी खानदेशात शहामृग होता, आणि पोटाची चिंता असतानाही कोणीतरी कवच घासून मणी करीत बसले होते. दागिन्याची हौस किती जुनी, हे भगिनींनी लक्षात घ्यावे.

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. आपल्यात 'मूळनिवासी' हा शब्द अभिमानाने वापरला जातो. त्यामागची वेदना आम्ही जाणतो. परंतु येथल्या मातीतून कोणीच उगवले नाही. आजच्या भारतीयांत मुख्यतः तीन प्रवाह आहेत: प्रथम आलेले शिकारी, इराणकडील लोकांशी नाते असलेले, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीनंतर उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक. प्रमाण कमीजास्त आहे, ते लपविण्याचे कारण नाही. मात्र शुद्ध रक्ताचा दावा कोणालाच करता येत नाही.

हे बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. भारतातील लोक निरनिराळ्या दिशांनी आलेल्या वंशांचे मिश्रण आहेत हे मान्य करून, जातीचे मर्म वंशात नाही, जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी मांडले. त्या काळी रिस्ले साहेबांसारखे अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातीचा दर्जा ठरवीत होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तीच मापे हाती घेतली आणि ही मापे खरी मानली तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखवून दिले. आज नाके मोजून वंश ठरविणे विज्ञानाने टाकूनच दिले आहे.

२०१३ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेतील डॉ. लालजी सिंग, डॉ. थंगराज आणि हार्वर्डच्या संशोधकांनी ७३ समाजगटांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत येथील लोक सर्रास मिसळत होते. भिल्लांसारख्या एकाकी समजल्या जाणाऱ्या समाजातही ती सरमिसळ दिसते. त्यानंतर मिसळणे जवळजवळ थांबले. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या एका माणसाने सूक्ष्मदर्शकावाचून जे सांगितले, ते ९७ वर्षांनी रक्तात वाचता आले.

६५ हजार वर्षांच्या प्रवासाचे एक वर्ष मानले, तर ही दारे बंद होऊन अवघे दहा-अकरा दिवस झाले आहेत.

पुण्यास डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. मुलांना एकदा तेथे घेऊन जावे, ही विनंती. वेळ झाली आहे. कोणाला प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. जयभीम.