‘गेलो’ आणि ‘गेले’



मराठी शिकवणाऱ्यांच्या अधिवेशनात अध्यक्षाने शुद्धलेखनाच्या नावाने गळा काढावा, असा रिवाज आहे. मी आज मीच केलेल्या एका दुरुस्तीबद्दल बोलणार आहे.

बरीच वर्षं झाली. सातवीचा वर्ग, सहलीवरचा निबंध. तिसऱ्या बाकावरचं एक लेकरू उठून वाचू लागलं, ‘मी पहाटे उठले, आईबरोबर एसटी स्टँडवर गेले...’ हजेरीपटावर त्याचं नाव मुलग्यांत. मी थांबवलं. ‘उठले नाही, उठलो. गेले नाही, गेलो. परत वाच.’ वर्ग खदखदला. मीही हसलो, हे सांगितलं पाहिजे. त्याने परत वाचलं, ‘उठलो’, ‘गेलो’ करत, पण आवाज एवढा खाली गेला की सहल कुठे गेली होती ते कळलंच नाही. शाळेतल्या मावशी नंतर म्हणाल्या, ‘सर, ते पोर दिवसभर पाण्याला शिवत नाही. पाणी प्यालं की मुतारीत जावं लागतं ना.’ दिवाळीनंतर ते आलं नाही. मी पटावर गैरहजेरी मांडत राहिलो.

‘शाळेत मुलांना लिंगभावाबद्दल शिकवायचं का?’ असा वाद हल्ली तावातावाने चालतो. मला गंमत वाटते. आपण दुसरं करतो काय? बंगाली मूल ‘मी गेलो’ म्हणताना मुलगा की मुलगी हे सांगत नाही. मराठी मुलाला ते पावलोपावली सांगावं लागतं. कोल्हापूरच्या पोरी बिनदिक्कत ‘मी जेवलो’ म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि व्याकरणाच्या तासाला फळ्यावर ‘नपुंसकलिंग’ हा शब्द लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. तो धडा आपण कुणाच्याही परवानगीशिवाय शिकवत आलो आहोत.

2021च्या शेवटी एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं, यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. बालहक्क आयोगाकडे तक्रार गेली, आयोगाने जाब विचारला, आणि काही दिवसांतच पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. आक्षेपांत मुख्य होती ती सगळ्यांना वापरता येईल अशी स्वच्छतागृहं आणि वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेख. दुसरा मुद्दा मी झटकून टाकत नाही. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या 2024च्या अहवालाने या औषधांमागचा पुरावा कच्चा असल्याचं म्हटलं, आणि तिथे डॉक्टरांचे हात आखडले. पालकांची भीती खोटी नाही. पण औषध हा दवाखान्यातला प्रश्न; आपल्यापुढचा प्रश्न मुतारीचा आहे. औषधाच्या धाकाने मुतारीला कुलूप लावलं गेलं.

महाराष्ट्राला ही सवय जुनी. र. धों. कर्व्यांनी 1927 साली लैंगिक विषयांवरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिलं. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. ऐंशी वर्षांनी, 2007 साली, याच राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला दार बंद केलं.

‘अशी मुलं असतात कुठे?’ असं शिक्षकच विचारतात. 2011च्या जनगणनेत स्त्री-पुरुष या रकान्यांबाहेर ‘इतर’मध्ये 4,87,803 माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात 40,891. त्यांतली देशभरची 54,854 सहा वर्षांपर्यंतची होती. तो आकडा कितपत नेमका यावर वाद घाला खुशाल. पण एवढ्याशा मुलाची नोंद सांगायला घरातलंच कुणीतरी दाराशी आलं असणार.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं तेरावं कलम तर थेट आपल्यासाठी आहे: सरकारी मदतीच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी या मुलांना भेदभाव न करता इतरांसोबत शिकवायचं. किती मुख्याध्यापकांनी ते वाचलंय? मी मुख्याध्यापक होतो, मीही वाचलं नव्हतं.

मला ते वाचायला लागलं एका मंगळवारी. शाळेच्या ऑफिसात साडी नेसलेल्या एक बाई आल्या, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव आणि लिंग बदलून हवं होतं. क्लार्कने जुनं जनरल रजिस्टर काढलं. रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा मला चेहरा ओळखू आला. शेरा माझ्याच अक्षरात होता: ‘वर्तणूक चांगली. सतत गैरहजर.’

‘सर, मी कालही आले होते,’ त्या म्हणाल्या, ‘पण ऑफिस बंद होतं.’

ऑफिसात सात-आठ जण होते. कुणी हसलं नाही. ‘बसा,’ मी म्हणालो, आणि मावशींना पाणी आणायला सांगितलं. त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि विचारलं, ‘सर, बाथरूम अजून तिकडेच आहे का?’

कुठल्या बाजूला पाठवावं, मला चटकन सुचेना.