मुंबई हाय आणि सातवीचा वर्ग

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



'नकाशात मुंबई हाय दाखवा' असा प्रश्न आला, की मुलं मुंबईच्या डावीकडे समुद्रात एक टिंब काढतात, शेजारी नाव लिहितात आणि एक गुण खिशात घालतात. परीक्षेपुरतं काम झालं. पण त्या टिंबापासून किनाऱ्यापर्यंत एक रेघ ओढायची राहिली, आणि सगळी गंमत त्या रेघेत आहे. समुद्रातलं तेल किनाऱ्यावरच्या मुलखाचं काय करतं, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कळेल का, असं मला पालक विचारतात. कळतं. पैसा कुणाकडून कुणाकडे गेला हे आपण झाकून ठेवलं नाही, तर फारच लवकर कळतं.

आता पुण्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं कुणी म्हणेल. पुण्यात बसून जगातल्या कुठल्याही विषयावर बोलता येतं ही आपली जुनी ख्याती आहे, तो भाग सोडा. पण या विषयाला पुणं अगदीच परकं नाही. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला गेलात की टँकरांची रांग दिसते. मुंबईतल्या रिफायनरीतून जमिनीखालच्या पाइपलाइननं पेट्रोल-डिझेल घाट चढून लोणीला येतं. पुढे सोलापूरकडे जातं. आपल्या रिक्षा आणि पीएमपीच्या बसगाड्या सीएनजीवर धावतात, त्यातला वायूही नळातूनच आलेला असतो. काही देशातला, काही परदेशातून द्रवरूपात आणलेला. मुलांना आधी लोणी दाखवावं, मग समुद्र.

इतिहासाला मी वर्गात फार वेळ देत नाही. साठच्या दशकाच्या मध्यास एका सोव्हिएत जहाजानं खंबातच्या आखातात भूकंपमापनाची पाहणी केली, आणि मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली खडकाचा एक मोठा उंचवटा असल्याचा सुगावा लागला. तोच मुंबई हाय. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. त्याच सुमारास जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही समुद्रात विहीर खणणारी रिग आपल्याकडे दाखल झाली होती. १९७४ च्या फेब्रुवारीत तिला तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल जहाजांतून आणत. १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आले. बस्स, एवढं पुरे.

खडकात तेल असतं म्हणजे कसं, इथे मात्र थांबावं लागतं. जमिनीखाली तेलाचं तळं आहे आणि त्यात पंप सोडलाय, असं जवळपास प्रत्येक मुलाला वाटतं. पुष्कळ मोठ्यांनाही वाटतं. मुंबई हायचं तेल चुनखडीच्या खडकात, त्याच्या बारीक छिद्रांत मुरलेलं आहे. मी मुलांना जाळी पडलेला अनारसा आठवायला सांगतो. जाळीत तूप भरून राहतं, आणि कितीही निथळत ठेवला तरी सगळं तूप काही निघत नाही. हे 'सगळं निघत नाही' पुढे फार कामाला येतं.

मग मी एक रुपयाची नोट काढतो. हल्लीच्या मुलांनी ती फारशी पाहिलेली नसते. दक्षिणेच्या पाकिटात जोडून दिलेली तेवढी ठाऊक. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नाही, वित्त सचिवांची आहे, कारण ही नोट भारत सरकार काढतं. मागच्या बाजूला पंधरा भाषांत किंमत लिहिलेली, त्यात मराठी शोधायला लावायचं. आणि तिथेच, नीट पाहिलं तर, पायांवर उभी असलेली एक लोखंडी माची दिसते. तीच सागर सम्राट. भिंग द्यावं लागतं. नोट हातोहात फिरते आणि हमखास कुणीतरी विचारतं, "सर, हिच्यावर भारत सरकार लिहिलंय. मग तेल भारत सरकारचं का महाराष्ट्राचं?" माझ्या धड्याची सुरुवात खरी इथून होते.

आता ती रेघ ओढू. मुंबई हायहून तेल आणि वायू उरणला येतात. तिथे ओएनजीसीचा, म्हणजे सरकारी तेल कंपनीचा, कारखाना त्यांची वर्गवारी करतो. कच्चं तेल खाडी ओलांडून तुर्भ्याच्या, म्हणजे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या, दोन रिफायनऱ्यांत जातं. वायूचं त्रांगडं वेगळं. तेलाबरोबर वायू येतोच, पण सुरुवातीच्या काळात त्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो समुद्रातच जाळून टाकत. रोज जळणाऱ्या त्या वायूसाठी किनाऱ्यावर गिऱ्हाइकं उभी करावी लागली, आणि रायगड जिल्ह्याचा चेहरा बदलला तो त्यामुळे. उरणजवळ बोकडविऱ्याला वायूवर चालणारं वीज केंद्र आलं. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला. नागोठण्याला वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल करणारा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. माझगाव गोदीनं युद्धनौकांच्या जोडीला तेलविहिरींच्या माच्या बांधायला घेतल्या. न्हाव्याला रसदीचा तळ झाला, पनवेलला ओएनजीसीची वसाहत आणि संशोधन संस्था आल्या, जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरं जाऊ-येऊ लागली. कोथरूडच्या एमआयटीत पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवायला लागले. शिरूरच्या शेतकऱ्यानं थळच्या युरियाचं पोतं फोडलं, तर या रेघेचं एक टोक त्याच्या बांधावर आलेलं असतं.

मुलांना मी एवढंच विचारतो, की यातलं तेलामुळे काय झालं आणि तेल *इथे उतरलं* म्हणून काय झालं? दोन्ही सारखं नाही. तेच नळ वर गुजरातेत नेले असते तर थळला आजही फक्त वाडी आणि मासळी असती. पुढे वायूचे मोठे नळ हजीऱ्याला गेलेच, आणि तिथून हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीनं उत्तरेतले खतकारखाने उभे केले. म्हणजे समुद्र मुंबईसमोरचा, आणि युरिया उत्तर प्रदेशात. एक मुलगा म्हणाला, "मग नकाशात नळ कुणी काढले ते शोधलं पाहिजे." मी त्याला तिथेच पैकीच्या पैकी दिले.

आता चिंचोके. वर्गात शंभर चिंचोके घ्यायचे. ते म्हणजे एका पिंपातल्या तेलाचे पैसे. मुलांना भूमिका वाटायच्या: ओएनजीसी, दिल्लीचं सरकार, महाराष्ट्र शासन, मुंबई महापालिका, उरणचा जमीन गेलेला शेतकरी, शेजारच्या करंज्याचा कोळी, लोणीचा टँकरवाला, पेट्रोल भरणारे तुम्ही-आम्ही. आणि सांगायचं, वाटा. पहिल्या फेरीत मुलं नेहमी महाराष्ट्राला मूठभर देतात. आपल्या समुद्रातलं तेल, आपला हिस्सा मोठा. मग मी राज्यघटना काढतो.

अनुच्छेद २९७. किनाऱ्यापुढच्या समुद्राखालची सगळी मौल्यवान द्रव्यं संघराज्याची. जमिनीवर तेल निघालं तर राज्याला रॉयल्टी मिळते. आसाम आणि गुजरात ती घेतात. समुद्रात निघालं तर ती केंद्राला. त्यावर केंद्राचा उपकरही असतो. 'महाराष्ट्र शासन' झालेल्या मुलीला हातातले चिंचोके परत द्यावे लागतात. तिचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "मग मला काहीच नाही?" तुला आहे, पण विहिरीवर नाही, पंपावर आहे. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही, त्यामुळे राज्याचा व्हॅट चालू आहे. गंमत अशी, की त्या व्हॅटला तेल मुंबई हायचं आहे का सौदीचं, याच्याशी कर्तव्य नाही. म्हणजे आपल्या समोरच्या समुद्रातलं तेल संपलं, तरी राज्याचा हा गल्ला तसाच वाजत राहतो. हे मुलांना एकदम पटतं आणि मोठ्यांना पटत नाही, हा माझा अनुभव.

मुंबई महापालिकेची गोष्ट तर याहून मासलेवाईक. रिफायनऱ्या तिच्या हद्दीत, म्हणून कच्च्या तेलावरची जकात तिला मिळे, आणि ती तिच्या मोठ्या कमाईतली एक होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. पण चाळीसेक वर्षं जिथे नाका होता तिथे पैसा थांबला. नळ आधी उरणला येतो, तिथे नाका नव्हता.

इथे मी शेटलंड बेटांची गोष्ट सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला, वीसेक हजार वस्तीची, मासेमारी आणि मेंढरांवर जगणारी ही बेटं. उत्तर समुद्रात तेल लागलं, त्याची रॉयल्टी लंडनला जाणार होती. तिथल्या समुद्राचा कायदाही आपल्यासारखाच. पण तेल नळानं सुलम वो नावाच्या खाडीत उतरून तिथून जहाजांत भरलं जाणार होतं. बेटांच्या कौन्सिलनं १९७४ मध्ये, मुंबई हायला तेल लागलं त्याच वर्षी, ब्रिटिश संसदेकडून स्वतःसाठी वेगळा कायदा करून घेतला. बंदर कौन्सिलचं, जहाजांचं शुल्क कौन्सिलचं, आणि बेटांना होणाऱ्या उपद्रवाबद्दल कंपन्यांनी वेगळे पैसे द्यायचे. ते पैसे एका न्यासात ठेवले. त्यातून वृद्धांसाठी निवास झाले, लहानशा वस्त्यांत क्रीडाकेंद्रं झाली. समुद्र लंडनचा, पण धक्का आमचा, असा तो हिशेब.

उरणला हे का जमलं नाही? मुलांना मी उत्तर देत नाही, कारण ते सोपं नाही. आपल्याकडे तेल नळातून थेट रिफायनरीला जातं, जहाजात भरायचं नसतं, म्हणून धक्क्याचं शुल्क लावायला जागा कमी. आणि उरणच्या माणसांची ताकद त्या काळात दुसऱ्याच लढ्यात गुंतलेली होती. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या भावासाठी स्थानिक नेते दि. बा. पाटलांच्या मागे हजारो शेतकरी उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. शेतकऱ्यांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली ती त्या लढ्यातून. जमिनीचा वाटा मागता आला. नळातून वाहून जाणाऱ्या गोष्टीचा वाटा कुणाकडे मागायचा?

करंज्याच्या कोळ्याला वर्गात बहुधा शून्य चिंचोके येतात. माच्यांभोवती ५०० मीटरच्या आत होडी न्यायची नाही, असा सुरक्षेचा नियम आहे. आणि नेमकी त्या लोखंडी पायांभोवती मासळी जमते, कारण तिला तिथे आडोसा आणि खाद्य मिळतं. भूकंपमापनाची पाहणी चालू असते तेव्हा जाळी उचलून घ्यावी लागतात, आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार त्याच्या भरपाईसाठी भांडत आले आहेत. १९९३ च्या मे महिन्यात समुद्रातला नळ फुटला आणि तेल मुरुडच्या किनाऱ्याला लागलं. मी हे सांगतो तेव्हा काही पालकांना वाटतं की मास्तर मुलांना सरकारविरुद्ध शिकवतात. मला तसं वाटत नाही. खत, वीज आणि रिक्षाचा वायू सांगून झाला, की खर्चाचा रकाना कोरा ठेवणं मला जमत नाही, इतकंच.

त्या रकान्यात माणसंही आहेत. ओएनजीसीचा माणूस चौदा दिवस माचीवर आणि चौदा दिवस घरी अशी पाळी करतो. त्याचा पगार बरा असतो. पण माचीवर कंत्राटदारांची माणसंही असतात. २७ जुलै २००५ ला, मुंबईला बुडवणाऱ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, बोटं कापलेल्या एका स्वयंपाक्याला हलवायला जहाज मुंबई हायवरच्या एका माचीजवळ आलं, लाटांनी वायूच्या नळांवर आदळलं, आणि सगळी माची दोनेक तासांत जळून गेली. २२ माणसं गेली. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज बुडाला, त्यावर २६१ जण होते, सत्तरहून अधिक माणसं दगावली. सातवीच्या मुलांना हे सांगावं का? सांगावं, पण आकडा सांगून पुढे पळू नये. वादळाची सूचना आधी मिळाली असताना बार्ज तिथेच का राहिला, हा प्रश्न मुलं विचारतात. विचारू द्यावा.

आता अनारशातल्या तुपाचं राहिलं. मुंबई हायचं उत्पादन १९८५ च्या सुमारास दिवसाला पावणेपाच लाख पिंपांपर्यंत गेलं होतं. त्या सुमारास देशाच्या गरजेच्या निम्म्याहून बरंच अधिक तेल देशातच निघत होतं. २०२४ मध्ये मुंबई हायवर दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार पिंपं निघत होती, आणि देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. चुनखडीत अजून तेल आहे, पण ते सुटत नाही. ते सोडवायला २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीनं ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक मदतीसाठी घेतलं. आणि ती नोटेवरची सागर सम्राट? तिला विहीर खणण्याच्या कामातून काढून तेल काढण्याच्या कामाला जुंपलं; डिसेंबर २०२२ पासून ती त्या कामावर आहे. मुलांना ही बातमी आवडते, पण त्यांचा पुढचा प्रश्न असतो, तेल संपल्यावर थळच्या कारखान्याचं काय? उत्तर आलेलंही आहे: परदेशी वायू. कारखाना समुद्रातल्या वायूसाठी आला, वायू कमी झाला तरी कारखाना राहिला, आणि आता तो समुद्रापलीकडून वायू मागवतो. रेघेची सुरुवात बदलली, शेवट जागेवर आहे.

इथे शिक्षक बरेच दिसतात, म्हणून सहलीचं सांगतो. पुण्याहून पनवेलमार्गे उरण सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगं आहे. कारखान्यात मुलांना सोडत नाहीत, तो आग्रह धरू नका. आधी करंज्याला जा, होड्या येतात त्या वेळी, आणि मुलांना कोळिणींशी बोलू द्या: मासळी कुठून आणली, किती लांब जावं लागलं, डिझेल किती लागलं. डिझेलचा भाव त्या तुम्हाला पैशापर्यंत सांगतील. कारखान्याची ज्वाळा त्यानंतर, पीरवाडीच्या किनाऱ्यावरून दाखवा. हा क्रम उलटा केलात, तर मुलं दिवसभर ज्वाळेबद्दलच बोलतात आणि डिझेलचा भाव विचारायचं राहून जातं.