हुकूमशाहीचा जमाखर्च



बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याने या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. आभार इथेच आवरतो, कारण विषय मोठा आहे.

बसस्टँडवरच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘या देशाला दहा वर्षं हुकूमशहाच पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ होतील.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. पीकविम्यासाठी हेलपाटे घालून तो वैतागलेला असतो. त्याच्यासमोर हिटलर-मुसोलिनी ठेवले तर ‘ते तिकडचं’ म्हणून तो सोडून देईल. म्हणून मराठी माणसाने आपल्याच भूमीवर सोसलेली हुकूमशाही आज तपासू. ती पोर्तुगीज राजवटीखालच्या गोव्यात होती.

आंतोनियो सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. 1928मध्ये पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला, 1932मध्ये पंतप्रधान, आणि 1933मध्ये त्याने नवी राज्यघटना आणली. त्याला फॅसिस्ट म्हणावं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण एकच पक्ष, गुप्त पोलीस, संपाला बंदी आणि गणवेशातली मुलांची संघटना, हे सारं त्याच्याकडे होतं.

आधी जमेची बाजू मांडू. तुटीतला अर्थसंकल्प त्याने झपाट्याने शिलकीत आणला. चलन स्थिरावलं. दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ राहिला. पुढे गोव्यातून लोहखनिजाची निर्यातही वाढली. ‘तेव्हा चोऱ्यामाऱ्या नव्हत्या,’ असं सांगणारी जुनी माणसं गोव्यात भेटतात, आणि मी त्यांना खोटं ठरवणार नाही.

आता खर्चाची बाजू. शिलकीचं कौतुक झालं, पण सक्तीचं प्राथमिक शिक्षण तीन वर्षांवर आणलं गेलं. 1930च्या वसाहत कायद्याने गोव्याच्या नाड्या लिस्बनने आणखी आवळल्या. त्याआधी 1910च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क दिले होते आणि मराठी नियतकालिकांना बहर आला होता. त्या बहरावर सेन्सॉर बसला. वर्तमानपत्रच काय, लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. विचार करा, मुलीच्या बापाने मुहूर्त काढायचा आणि मजकुराला परवानगी सरकारने द्यायची!

पोर्तुगालमधली एक गोष्ट मला याहूनही भयंकर वाटते. सेन्सॉरने मजकूर कापला तर ती जागा कोरी सोडायलाही मनाई होती. काही कापलं गेलंय, हेही वाचकाला कळू नये! ‘चोऱ्या नव्हत्या’ याचा पुरावा म्हणून अशा काळातली वर्तमानपत्रं कोणी दाखवली, तर त्यांना किती किंमत द्यायची?

18 जून 1946 रोजी समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले, तेव्हा मागणी साधी होती : बोलण्याचा आणि जमण्याचा हक्क. त्याच वर्षी गोवा मुक्तीलढ्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला धाडलं. 1955मध्ये सत्याग्रहासाठी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गोव्यात शिरले. 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. 

सांगलीचे मोहन रानडे गोव्यात सावईवेऱ्याला शिक्षक म्हणून गेले आणि सशस्त्र लढ्यात उतरले. 1955मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारख्यांनी सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे ते 1969मध्ये सुटले. आणि सालाझारने उभारलेली ती राजवट कोसळली ती 25 एप्रिल 1974ला.

माझा निष्कर्ष सरळ आहे. हुकूमशाहीची शिस्त खरी की खोटी हे तपासायचं कुणी, याचं उत्तर तिच्याकडे नसतं. तपासणाराच आत असतो. आपल्याकडे तलाठ्याने टाळलं तर ग्रामसभेत उभं राहता येतं, माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, पेपरात बातमी देता येते. काम होईलच असं नाही, पण रात्री दारावर थाप पडत नाही.

म्हणून तालुक्यातल्या लिहित्या हातांना माझी विनंती आहे. हॉटेलातल्या त्या वैतागलेल्या माणसाला उपदेश करू नका. त्याचे हेलपाटे नाव-गाव-तारखेसह लिहा आणि छापा. ते निर्धास्तपणे छापता येतं, तोवर आपल्याला हुकूमशहाची गरज नाही.