कलमी फांदीचा गर्व

नव्या धर्मात प्रवेश करणाऱ्याला बाहेरचा छळ सोसावा लागतोच. पण त्याहून घातक शत्रू त्याच्या मनात शिरतो. तो म्हणजे श्रेष्ठत्वाचा गर्व. याविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथात आलेले एक प्रकरण आज मी आपल्यापुढे ठेवतो.

इ. स. ५७ च्या सुमारास पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. त्या मंडळीत जन्माने यहुदी असलेले लोक होते, तसेच परराष्ट्रीयांतून नव्याने आलेले लोकही होते. वंशाचा अभिमान कामाचा नाही, असे योहानाने अब्राहामाच्या वंशजांना पूर्वीच बजावले होते. पौल या पत्राच्या अकराव्या अध्यायात वळतो तो नवागतांकडे. जैतुनाच्या झाडाच्या काही फांद्या तोडून तेथे रानटी जैतुनाचे कलम लावले, असा दृष्टांत तो देतो. त्या कलमी फांदीने तुटलेल्या फांद्यांना हिणवू नये. तिला मुळाचाच आधार आहे, हे त्याचे सांगणे.

हा इशारा ख्रिस्ती जगाने पाळला काय? खेदाने ‘नाही’ असेच म्हणावे लागते. नव्या करारात यहुद्यांविषयी कठोर वचनेही आहेत. सत्ता हाती येताच तीच उचलली गेली. ज्यांच्यात येशू जन्मला, तेच शापित ठरले. १५४३ साली मार्टिन लूथरने यहुद्यांची सभास्थाने जाळावीत असे लिहिले. पोपच्या सत्तेला निर्भयपणे आव्हान देणारा हा सुधारक. पण दुबळ्या समाजापुढे त्याचा विवेक ढळला! पुढे नाझी राजवटीने सुमारे ६० लाख यहुद्यांची हत्या केली. तिचे तत्त्वज्ञान वंशद्वेषाचे होते. परंतु शतकानुशतकांच्या धार्मिक तुच्छतेने त्या द्वेषासाठी जमीन नांगरून ठेवली होती.

एवढा संहार झाल्यावर चर्चला जाग आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी यहुदीद्वेषाचा निषेध केला व त्याच जैतुनाच्या झाडाचे स्मरण दिले. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चने १९९४ साली लूथरचे ते लेखन जाहीरपणे नाकारले.

बंधुभगिनींनो, ग्रंथात उदात्त वचन असले म्हणजे समाज उदात्त होतो असे नाही. ते वचन रोजच्या आचरणात उतरावे लागते. काल ज्यांना जगाने हीन लेखले, त्यांनी उद्या दुसऱ्या कोणाला हीन लेखू नये. ही दक्षता प्रत्येकाने आपल्या घरापासून, आपल्या मुलांच्या बोलण्यापासून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.