संगणकाचे वाढीव पोर्ट

मुळशी तालुक्यांतील भातशेतकऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं : एका पाटाला चार फाटे फोडले म्हणून पाणी चौपट होत नाहीं. त्याच तालुक्यांत हिंजवडीस आज संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. आणि संगणकासही हाच न्याय लागू पडतो.

टेबलावरील संगणकास कळफलक, माउस, प्रिंटर जोडला कीं यूएसबी पोर्ट संपत येतात. १९९६ सालीं ही पद्धति प्रसिद्ध झाली, तेव्हांच एका मूळ जोडणीवर १२७ उपकरणांपर्यंत सोय ठेविली होती. म्हणून गृहस्थ बाजारांतून स्वस्त हब आणतो. एका पोर्टाचे चार होतात खरे. परंतु वीज तेवढीच राहते. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टांवर ५०० मिलिअँपिअर, तर ३.० चा ९०० मिलिअँपिअर देतो. तेवढ्यावर कळफलक व माउस सुखानें चालतात. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क मात्र वीज अपुरी पडून मध्येंच बंद पडते, आणि घरचीं छायाचित्रें वा हिशेब उतरवून घेत असतां तीं बिघडण्याचा संभव असतो.

उपाय दोन. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. त्यानें विजेची तूट भरते, मात्र माहितीचा मार्ग एकच राहतो. अथवा मदरबोर्डावरील रिकाम्या पीसीआय एक्सप्रेस खाचेंत यूएसबी कार्ड बसवावें. त्यानें मार्गही नवा मिळतो. पेटी उघडण्यापूर्वीं विजेची तार काढावी, आणि धातूस स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी.

फाटे फोडण्याआधीं पाटांत पाणी किती तें पाहावें, एवढेंच सांगणें आहे.