सुट्टीवरून आलेलं गाणं

सप्टेंबर १९९४ मधली गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये दर रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ वनवर गाण्यांची क्रमवारी जाहीर व्हायची. त्या आठवड्यात दुकानांतून कोणत्या गाण्याच्या तबकड्या, सीडी आणि कॅसेट किती खपल्या, यावर ती ठरायची. पहिल्या जागेवर सलग पंधरा आठवडे एकच गाणं ठाण मांडून बसलं होतं. ते होतं वेट वेट वेट या स्कॉटिश बँडचं 'लव्ह इज ऑल अराउंड'. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' या चित्रपटातून ते घरोघरी पोचलं होतं. आणखी एक आठवडा टिकलं असतं, तर १९९१ सालच्या ब्रायन अॅडम्सच्या सोळा आठवड्यांच्या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली असती. तेवढा एक आठवडा त्याला मिळाला नाही. पहिल्या जागेवर आली व्हिगफील्ड नावाची डॅनिश तरुणी. तिचं गाणं होतं 'सॅटर्डे नाइट'.

मोठमोठ्या कलावंतांची नवी गाणी अधूनमधून थेट पहिल्या जागेवर उतरत असत. १९५८ साली एल्विस प्रेस्लीच्या 'जेलहाउस रॉक'नं तो मान पहिल्यांदा मिळवला. पण त्या सगळ्यांचं नाव आधीच झालेलं होतं. ज्याचं एकही गाणं पूर्वी बाजारात आलेलं नाही, त्यानं पहिल्याच गाण्यानिशी पहिल्याच आठवड्यात अग्रस्थान गाठावं, हे मदतनिधीसाठी एकत्र आलेले बँड एडसारखे कलावंतांचे समूह सोडले, तर ब्रिटनमध्ये कुणालाच जमलं नव्हतं. बीटल्सचं 'लव्ह मी डू' १९६२ साली सतराव्या जागेपर्यंतच चढलं होतं. मग ब्रिटनमध्ये कुणाच्या ओळखीची नसलेली ही मुलगी तिथं पोचली कशी?

याचं उत्तर इटलीत सुरू होतं. सॅनी कार्लसन हे तिचं खरं नाव. डेन्मार्कची ही मुलगी इटलीत मॉडेलिंग करत होती. लॅरी पिन्यान्योली आणि दाविदे रीवा या दोघा इटालियन संगीतकारांनी 'सॅटर्डे नाइट' रचलं. व्हिगफील्ड हे नाव सॅनीच्या संगीतशिक्षिकेचं, ते तिनं घेतलं. ज्याला आपण युरोडान्स म्हणतो, त्या संगीताची ही नेहमीची रीत होती. संगीतकार एका देशाचे, गायिका दुसऱ्या देशाची, शब्द इंग्रजी आणि श्रोते युरोपभर पसरलेले. शब्द मुद्दामच सोपे ठेवलेले असत. ज्याला इंग्रजी जेमतेम येतं, त्यालाही पहिल्या फेरीत कळावेत आणि दुसऱ्या फेरीत म्हणता यावेत. ते सोपेपण साधायला मोठं कसब लागतं.

इटलीत निघालेल्या या गाण्याला खरे पाय फुटले ते स्पेनमध्ये. तिथं ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि कित्येक आठवडे तिथंच राहिलं. १९९४ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या सुट्टीच्या गावांत, डिस्को आणि बारमध्ये ते रात्र रात्र वाजत होतं. आणि त्याच गावांत दर उन्हाळ्याला ब्रिटिश पर्यटकांचे लोंढे येतात. आठ-पंधरा दिवस समुद्रात पोहायचं, उन्हात लोळायचं, रात्री नाचायचं. हे गाणं त्यांच्या कानांवर पडलं, अंगात भिनलं, आणि परतीच्या विमानातून त्यांच्याबरोबर घरी आलं.

घरी आल्यावर ही माणसं रेकॉर्डच्या दुकानात जाऊन विचारू लागली, ते स्पेनमधलं गाणं आहे का? पण ते ब्रिटनमध्ये निघालेलंच नव्हतं. गोम आहे ती इथंच. एरवी गाणं बाजारात यायचं, हळूहळू लोकांच्या कानी पडायचं आणि आठवड्याला काही पायऱ्या चढत वर जायचं. इथं मागणी आधी तयार झाली आणि माल नंतर आला. धरणामागं पाणी साठत जावं, तशी उन्हाळाभराची हौस साठत गेली. सप्टेंबरमध्ये तबकडी दुकानात आली, आणि एरवी कित्येक आठवड्यांत विभागला गेला असता असा खप पहिल्या काही दिवसांतच झाला. क्रमवारीच्या हिशेबात तो सगळा एकाच आठवड्याच्या खात्यावर जमा झाला. हेही सांगायला हवं, की वेट वेट वेटनं आपल्या गाण्याच्या प्रती बाजारातून काढून घ्यायचा निर्णय स्वतःच घेतला होता. अग्रस्थान मोकळं होण्याच्या बेतात होतंच. पण मोकळ्या जागेवर बसायला दुसरं कुणी आलं नाही, हीच आली. आणि चार आठवडे बसली. त्या वर्षी ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत 'सॅटर्डे नाइट' दुसरं आलं. पहिलं अर्थातच वेट वेट वेटचं. पुढं 'सॅटर्डे नाइट'च्या एकट्या ब्रिटनमधल्या प्रतींनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. आयर्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड इथंही ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे येऊ. सुरुवातीलाच बदकानं क्वॅक करावं तसा एक यंत्रातला आवाज येतो. तो एकदा ऐकला की पुन्हा ओळखायला अर्धा सेकंद पुरतो. मग मिनिटाला साधारण १३० ठोक्यांचा सरळ ठेका, प्रत्येक मात्रेवर ढोल. त्यावर एक छोटी चाल, जिथं सुरू झाली तिथंच परत येणारी. चढउतार थोडेच. हे गाणं शनिवारच्या रात्रीबद्दल आहे, पण त्यात रात्रीची मजा फारशी नाहीच. आहे ती रात्रीची वाट पाहणं. व्हिडिओतही तेच दिसतं. एक मुलगी आरशासमोर बाहेर जायची तयारी करते आहे, केसांच्या वेण्या घालते आहे. भव्य सेट नाही, परदेशी चित्रीकरण नाही. आठवडाभर काम करून शनिवारची वाट पाहणाऱ्या कुठल्याही मुलीला त्यात आपली खोली दिसेल.

या गाण्याबरोबर एक नाचही फिरला. हात गोल फिरवायचे, कमरेशी न्यायचे, उडी मारून बाजूला वळायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. वळल्यावर सगळी रांग नव्या दिशेला तोंड करून उभी राहते. मघाशी पुढं असलेला आता बाजूला जातो, आणि ज्याला येत नाही त्याला कुठल्याही बाजूला बघून शिकता येतं. हा नाच शिकायला जोडीदार लागत नाही, क्लास लागत नाही, वयाची अट नाही. दोन-तीन फेऱ्यांत जमतो. सुट्टीवर शिकलेला माणूस घरी येऊन मैत्रिणीला शिकवतो, ती लग्नाच्या पार्टीत आत्याला शिकवते. रेडिओ आणि दूरचित्रवाणीनं साथ दिली, पण गाण्याची खरी वाहतूक केली ती या माणसांनी. दोन वर्षांनी स्पेनच्याच लॉस देल रिओ या जोडीचं 'माकारेना' असंच नाचासकट फिरलं आणि अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

पुढं रेकॉर्ड कंपन्यांनी हेच तंत्र वापरलं. गाणं आधी रेडिओवर आणि क्लबांत भरपूर वाजवायचं, दुकानात मात्र उशिरा आणायचं, म्हणजे पहिल्या आठवड्यात झुंबड उडते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अग्रस्थान गाठणारी बहुतेक गाणी अशीच थेट पहिल्या जागेवर उतरू लागली, आणि पुढच्या आठवड्यात खालीही घसरू लागली. म्हणूनच व्हिगफील्डचे चार आठवडे मला मोलाचे वाटतात. तिथं कंपनीनं झुंबड घडवून आणली नव्हती. लोक आधी नाचले होते आणि मग दुकानात गेले होते.

अशा गाण्यांना हलकीफुलकी म्हणून बाजूला सारायची सवय आपल्याला असते. मला ती अन्यायाची वाटते. या गाण्यात कवित्व नाही, रागदारी नाही, हे खरं. पण भाषा न जाणणारी, एकमेकांना न ओळखणारी माणसं चार मिनिटं एका तालात हलावीत, एवढंच काम त्यानं अंगावर घेतलं आणि ते चोख केलं. अनोळखी माणसांना एका रांगेत आणणारा ठेका बांधायलाही कारागीर लागतो. पिन्यान्योली आणि रीवा तसे कारागीर आहेत. व्हिगफील्डही एका गाण्यापुरती उरली नाही. 'अनदर डे' आणि 'थिंक ऑफ यू' ही तिची पुढची दोन गाणीही ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचली. २०१८ साली ती सॅनी या आपल्या नावानं डेन्मार्कच्या मेलोडी ग्रां प्री स्पर्धेतही उतरली.

आता गाणं जगात सगळीकडे एकाच दिवशी पोचतं. सुट्टीवर ऐकलेलं गाणं तिथल्या तिथं फोनवर सापडतं, त्यामुळे उन्हाळाभर मागणी साठायला वावच राहिलेला नाही. सोय झाली, ती चांगलीच झाली. पण १९९४ मधल्या त्या दहा लाखांतला प्रत्येक जण पैसे घेऊन दुकानात गेला होता, आणि आपल्याला नाचवणाऱ्या गाण्यासाठी खिशात हात घालावा असं त्याला मनापासून वाटलं होतं. लोकप्रियतेचा याहून प्रामाणिक पुरावा मला माहीत नाही.