समुद्रातला गॅस आणि शेतातला कापूस
(वाघोली येथील मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शेवगाव-पाथर्डीकडचे कापूसवाले आणि शिरूर-दौंडकडचे ज्वारीवाले वाघोलीत जमले, आणि वक्ता गॅसवर बोलतो. हे कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. पण युरियाची गोणी गॅसपासूनच होते. गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया करतात, अमोनियाचा युरिया. गॅस अडला की गोणी अडली.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, १९७४ साली बाँबे हायला तेल सापडले. तेलाबरोबर गॅस आला. पुढे वसईसमोरच्या समुद्रातही गॅस मिळाला. तो उरणला उतरला, रायगडात थळच्या कारखान्यात त्याचे खत झाले. हजिऱ्याहून नळ पार उत्तर प्रदेशात जगदीशपूरपर्यंत गेले. पण सुरुवातीच्या काळात नळ नाहीत, कारखाने तयार नाहीत, म्हणून कितीतरी गॅस समुद्रातच पेटवून दिला. पीक आले आणि साठवायला जागा नाही, तशी गत.

त्याहून मोठी गोष्ट भावाची. आपल्या कापसाचे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. सरकार सांगेल त्या भावात, सरकारलाच कापूस घाला. शेजारच्या राज्यात जास्त भाव असला तरी सीमा ओलांडणारा गुन्हेगार. गॅसचेही तेच. काढणारा कोणीही असो, भाव दिल्लीत ठरणार.

ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या क्षेत्रांतल्या गॅसला दहा लाख बीटीयूमागे १.७९ डॉलर भाव ठरला. एवढ्यात खर्चही निघत नाही, असे ओएनजीसी सांगत होती. उत्पादन खर्चाखालचा भाव म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कोणालाही समजावावे लागणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये तो भाव ६.१० डॉलर झाला. त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धामुळे जहाजाने येणारा परदेशी गॅस खुल्या बाजारात ३० डॉलरच्या वर गेला. घरच्याला सहा, परक्याला तीस! २०२३ पासून भाव कच्च्या तेलाशी जोडला, पण वर ६.५० डॉलरचे झाकण ठेवले. पुढे ते थोडे वर सरकले, निघाले नाही.

भाव दिला की गॅस आपोआप सापडतो, असे मी म्हणत नाही. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रात २००९ साली मोठा गाजावाजा होऊन गॅस सुरू झाला आणि दोन वर्षांत घसरू लागला. कंपनी म्हणाली भूगर्भ अवघड निघाला, सरकार म्हणाले विहिरी कमी खोदल्या. जमिनीत नसेल ते भावाने उगवत नाही. पण जमिनीत आहे ते भावाशिवाय कोणी काढतही नाही. २०१६ साली खोल समुद्रातल्या नव्या गॅसला, कमाल मर्यादा ठेवून का होईना, विक्रीची मोकळीक मिळाली. डिसेंबर २०२० पासून त्याच समुद्रातल्या नव्या विहिरी चालू झाल्या. देशाचे उत्पादन २०२०-२१ मध्ये सुमारे २९ अब्ज घनमीटर होते, २०२३-२४ मध्ये ३६ अब्जांवर गेले. तरीही जवळपास निम्मा गॅस बाहेरून आणावा लागला.

आता आपल्याला भीती घातली जाईल : गॅसला भाव दिला तर तुमचा युरिया महागेल. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचे सरकार भरते, हे खरे. पण ते पैसे गोणीच्या मागे जातात. ज्याला पाटाचे पाणी, तो दहा गोण्या नेतो. कोरडवाहूवाला पावसाची वाट पाहून दोन नेतो. त्याच्या नावावर वाटलेल्या सबसिडीत त्याचा वाटा तेवढाच. आणि लढाई पेटली, जहाज थांबले, तर ऐन पेरणीत दुकानासमोर रांगेत उभा राहणारा तोच.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. देशातल्या गॅसला बाजाराचा भाव द्या, म्हणजे तो निघेल. खताची मदत गोणीवर न देता एकरामागे थेट शेतकऱ्याच्या खात्यावर द्या. युरिया घ्यायचा की शेणखत टाकायचे, ते तो ठरवील. आणि जो न्याय गॅसला, तोच कापसाला आणि ज्वारीला. निर्यात अडवून, आयात ओतून भाव पाडणे बंद करा. हे ठराव प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत मांडा, चर्चा करा आणि मंजूर करून जिल्ह्याला पाठवा.